किनाऱ्याच्या संमतीचे एक वाक्य

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लिटहाव्न बंदरात आयविंद तार्पला सगळे पाठीमागे 'कात्री' म्हणत, आणि तोंडावर कोणी म्हटले तरी तो रागावत नसे. कोटाच्या वरच्या खिशात, जिथे इतर माणसे पेन लावतात तिथे, तो बोथट टोकाची कात्री ठेवी. सकाळी सातला तो 'क्लिटहाव्न दैनिका'च्या कचेरीत येई, कॉफीचे भांडे शेगडीवर चढवी, आणि टपालाने आलेली नऊ वर्तमानपत्रे टेबलावर पसरून त्यांतील मते कापू लागे.

बातम्या तो कापत नसे. बातमी तारेने येते, ती सगळ्यांची असते, असे त्याचे म्हणणे होते. मत मात्र कोणा एका माणसाने खुर्चीत बसून घडवलेले असते, म्हणून ते कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत घडवले याची नोंद राहिलीच पाहिजे. राजधानीचे मोठे पत्र काय म्हणते, शेतकऱ्यांचे पत्र काय म्हणते, मजुरांचे काय आणि सीमेपलीकडचे जर्मन पत्र काय, हे सारे कापून, मागे खळ लावून, तो जाड वह्यांत चिकटवी. दुसऱ्या गावांतले अग्रलेख लिहिणारे लोकही सकाळी हेच करीत. देशभरातले असे चाळीस-पन्नास जण रोज एकमेकांना वाचत, दुपारपर्यंत एकमेकांना उत्तरे लिहीत, आणि ती उत्तरे दुसऱ्या दिवशी घरोघर पडली की लोकांना वाटे, देश विचार करतो आहे.

आयविंद हा वाईट मनुष्य नव्हता. हे आरंभीच सांगणे योग्य, कारण पुढे जे घडले त्यावरून काहींनी त्याला लबाड ठरवले, आणि ते खरे नाही.

त्याचा जन्म एकोणीसशे चौतीस साली याच बंदरात झाला. बाप मच्छीमार होता आणि वादळात अडकलेल्या नावांना सोडवायला जाणाऱ्या बचाव-होडीवरही जात असे. आयविंद सहा वर्षांचा असताना जर्मन सैन्य आले आणि त्याने वाळूच्या टेकड्यांत सिमेंटचे जाड बंकर बांधले. बेचाळीसच्या नोव्हेंबरात एक नाव किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उलटली. बचाव-होडीचे लोक धावत पाण्याशी गेले, पण पहारेकऱ्याने बंदूक आडवी धरली. तोही पोरगाच होता, आणि रडत होता असे आयविंदचा बाप सांगे. "हुकूम नाही," एवढेच तो म्हणत राहिला. हुकूम फोनवरून येईपर्यंत तीन माणसे डोळ्यांदेखत बुडाली. आयविंद आईचा हात धरून टेकडीवर उभा होता. पुढे जन्मभर त्याने युरोपच्या ऐक्याविषयी जे जे लिहिले, ते त्या दिवशीच्या थंडीतून आले होते. ज्या देशांचे कोळसा, लोणी आणि मासे एकाच टेबलावर मोजले जातात, ते देश एकमेकांच्या किनाऱ्यावर पहारेकरी उभे करीत नाहीत, अशी त्याची श्रद्धा होती.

चौदाव्या वर्षी तो छापखान्यात खिळे जुळवायला लागला. उलटी अक्षरे वाचता वाचता त्याची भाषा सुलटी झाली. सत्ताविसाव्या वर्षी त्याचा पहिला मजकूर छापून आला, आणि तेव्हापासून दर शनिवारी 'धक्क्यावरून' हे त्याचे सदर चालू होते. एकतीस वर्षांत आजारपणाचे दोन शनिवार सोडले तर ते कधी चुकले नाही. मासे उतरवणारे लोक ते वाचत आणि शिव्या देत, पण वाचत.

ब्याण्णव साली देशासमोर नवा करार आला. युरोपीय संघ अधिक घट्ट व्हावा की नाही, यावर दोन जूनला सार्वमत होणार होते. त्याच्या आधीच्या जानेवारीत एका मोठ्या बंदरगावी सरकारी अधिकाऱ्याचे भाषण झाले. अधिकारी म्हणाला की या करारात डेन्मार्कसाठी एक वेगळे पान जोडले आहे. ते पान समुद्रकाठच्या उन्हाळी घरांविषयी होते. ती घरे बाहेरच्यांनी उठून विकत घेऊ नयेत, यासाठी असलेला देशाचा जुना कायदा तसाच राहील, एवढाच त्याचा अर्थ होता. आयविंदने वहीत टिपून घेतले: 'किनारा. वेगळे पान. आपल्याच हाती.' शुक्रवारी छपाईची वेळ गळ्याशी आली तेव्हा त्या टिपणावरून त्याने वाक्य लिहिले: 'या करारात आमच्या किनाऱ्यासाठी वेगळे पान आहे, किनाऱ्यावरील माणसांच्या संमतीवाचून किनाऱ्याचा हक्क कोणालाही हलवता येणार नाही.'

लिहिताना त्याच्या मनात घरे होती की जाळी, हे पुढे त्यालाही नीट सांगता आले नाही. 'संमती' हा शब्द मात्र त्याने पदरचा घातला होता. वाक्याला तो शोभला, म्हणून तो तिथे राहिला.

फेब्रुवारीत राजधानीच्या मोठ्या पत्राने 'इतरांची मते' या रकान्यात लिहिले की पश्चिम किनाऱ्याच्या एका जाणत्या लेखणीच्या मते मच्छीमारांना नकाराचा अधिकार मिळाला आहे. मार्चमध्ये सीमेपलीकडच्या जर्मन पत्राने डॅनिश मच्छीमारांना खास सवलत दिल्याबद्दल कुरकुर केली. एप्रिलमध्ये ब्रुसेल्सहून पत्रकारांसाठी निघणाऱ्या एका पत्रिकेत छापून आले की ही सवलत सर्वांना ठाऊकच आहे. आयविंदने तिन्ही कात्रणे चिकटवली, आणि मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मोठ्या समाधानाने लिहिले की आपण जे जानेवारीत म्हटले होते, त्याला आता तीन ठिकाणांहून दुजोरा मिळाला आहे.

ते सदर मच्छीमार संघाचा अध्यक्ष व्हेर्नर लोनबोर याने कापून खिशात ठेवले. व्हेर्नर हा बोलण्यापेक्षा मान हलवणारा मनुष्य होता. संघातले निम्मे लोक कराराच्या विरुद्ध होते, कारण आपल्या पाण्यात परक्यांच्या मोठ्या नावा शिरतील अशी त्यांना भीती होती. पण संमतीचा अधिकार हाती असेल तर भीती कशाची? तेव्हा चोवीस मेच्या रविवारी दुपारी सभागृहात बैठक घ्यावी, 'हो'च्या बाजूने आयविंदने बोलावे, आणि मग संघाने 'हो' म्हणणारे जाहीर पत्रक काढावे, असे ठरले. पत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात आयविंदचे वाक्य होते. अशा पत्रकामागे किनाऱ्यावरची इतर बंदरेही येतील, असे संपादक आनंदाने म्हणत होता.

अठरा मेला, सोमवारी, आस्ता लोनबोर कचेरीचा जिना चढून आली. ती व्हेर्नरच्या मोठ्या भावाची विधवा. वय एकसष्ट. चाळीस वर्षे तिने कारखान्यात माशांचे तुकडे केले होते, आणि तिच्या हाताला कितीही धुतले तरी तो वास राही. शाळेत अक्षरे तिच्या डोळ्यांपुढे कधी स्थिर उभी राहिली नाहीत. मास्तरांनी तिला मागच्या बाकावर बसवले आणि विसरून गेले. नवरा जिवंत होता तोवर तो तिला वर्तमानपत्र वाचून दाखवी. तो गेल्यावर दोन वर्षांनी ती ग्रंथालयातल्या प्रौढांच्या वाचन-वर्गाला जाऊ लागली. वर्ग सोमवारी दुपारी भरे. ती थेट तिथूनच आली होती, आणि तिच्या काखेत जाड पुस्तकासारखा काहीतरी गठ्ठा होता.

"काय रे कात्री, कॉफी आहे का?" ती म्हणाली आणि न विचारता बसली.

"आहे. सकाळची आहे."

"मला चालते. मी सकाळची, काल सकाळची, सगळी प्यायलेय." तिने गठ्ठा टेबलावर आपटला. "हे ओळखतोस का?"

तो कराराचा छापील मजकूर होता. सरकारने त्याच्या प्रती फुकट वाटल्या होत्या, आणि ग्रंथालयात त्यांचा ढीग पडून होता. आयविंदने आपली प्रत कपाटावर ठेवली होती. ती तिथे फार व्यवस्थित दिसत असे.

"तुमच्या वर्गात हा वाचता?" त्याने विचारले.

"बाई म्हणाल्या, पुस्तक ते पुस्तक, आणि हे फुकट आहे. आम्ही पाच जण आहोत. पानं वाटून घेतली. जिथे 'मासे' शब्द दिसेल तिथे हात वर करायचा असं ठरलं. तीन महिने गेले रे त्यात. क्रेनवाला एस्किल दोनदा रडला आणि एकदा झोपला."

"मग?"

"हात वर झाले. मासे आहेत त्यात. पण तू म्हणतोस ते नाही." तिने चष्मा लावला आणि त्याच्याकडे बघितले. "पान कितवं, तेवढं सांग. मी लावून घेते. आमच्या व्हेर्नरला रविवारी ते सगळ्यांपुढे वाचायचंय, आणि तो मला म्हणाला, वहिनी, तू आता वाचणारी झालीस, तेवढं पान शोधून खूण घालून ठेव."

आयविंद हसला. आपण हसलो याची पुढे त्याला फार लाज वाटली.

"आस्ता, असं एका पानावर नसतं ते. करार समग्र वाचावा लागतो."

"समग्रच वाचलाय. तू वाचलायस?"

त्याने कपाटाकडे पाहिले नाही, पण तिने पाहिले.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. नंतर उठली, कप नळाखाली धुतला आणि पालथा ठेवला. "असेल, असेल. माझंच काही सुटलं असेल. मी बापडी नवशिकी. तू शोध आणि कळव. पण रविवारच्या आत हं."

त्या दुपारी आयविंदने कपाटावरची प्रत काढली. पाने एकमेकांना चिकटलेली होती. तो वाचू लागला, आणि मंगळवारभर वाचत राहिला. घरी पत्नी माग्दाने काळ्या पावावर हेरिंग आणि कांदा घालून पुढे ठेवला, तो तसाच राहिला.

"जेवताना तरी मिटव ते," माग्दा म्हणाली. "एवढं काय आहे त्यात?"

"काय नाही तेच शोधतोय."

उन्हाळी घरांचे पान त्याला सापडले. ते एका वाक्याचे होते. त्यात जाळी नव्हती, नावा नव्हत्या आणि संमती तर मुळीच नव्हती. तेव्हाही त्याने आशा सोडली नाही. त्याला वाटले, आपण चुकलो असू, पण राजधानीच्या पत्राने, जर्मन पत्राने, ब्रुसेल्सच्या पत्रिकेने तरी कुठे काही पाहिले असेलच ना. बुधवारी सकाळी त्याने कात्रणांच्या वह्या उघडल्या. ब्रुसेल्सच्या पत्रिकेने जर्मन पत्राचा हवाला दिला होता. जर्मन पत्राने राजधानीच्या पत्राचा. राजधानीच्या पत्राने पश्चिम किनाऱ्याच्या जाणत्या लेखणीचा. ती लेखणी त्याच्या समोर दौतीत उभी होती.

तीन ठिकाणांहून दुजोरा आला असे तो समजत होता. प्रत्यक्षात त्याने स्वतःचीच री ओढली होती. एकतीस वर्षे तो इतरांची मते कापत आला, आणि कोणती मते आपल्याच अंगणातून उडून परत आली हे त्याने एकदाही तपासले नव्हते. त्याच्या व्यवसायातल्या कोणीच तपासले नव्हते. करार वाचायला दोन दिवस लागतात. अग्रलेख वाचायला चार मिनिटे.

तो संपादकाच्या खोलीत गेला. योर्न ओबेल हा संपादक चाळिशीतला, हुशार आणि नेहमी घाईत असलेला मनुष्य होता. त्याला गुरुजनांचा मान ठेवण्याची सवय नव्हती, परंतु आयविंदवर त्याचे प्रेम होते.

"शनिवारच्या सदरात दुरुस्ती छापायची आहे," आयविंद म्हणाला, आणि सर्व हकिगत सांगितली.

योर्नने दार लावले. "तुला कळतंय का तू काय म्हणतोयस? रविवारी बैठक आहे. सार्वमताला तेरा दिवस उरलेत."

"म्हणूनच."

"आयविंद, ऐक. 'नाही'वाले रोज काय छापतात बघतोस ना? सगळी उन्हाळी घरं जर्मन विकत घेणार. आपल्या पोरांना परक्या सैन्यात धाडणार. सफरचंदाचा आकार ब्रुसेल्स ठरवणार. त्यांतलं कोण दुरुस्त करतंय? एक तरी?"

"नाही करत."

"मग आपणच का? तुझं वाक्य खोटं नाही, थोडं… पुढे गेलेलं आहे. तीन जूनला छापू. दुसऱ्या पानावर, खाली. कायद्याने चालतं."

"तीन जूनला त्याचा उपयोग कोणाला?"

"आणि तेवीस मेला कोणाला? 'नाही'वाल्यांना! देश एका टक्क्यावर लटकतोय. तूच मला शिकवलंस ना, पहारेकऱ्याची गोष्ट सांगून, की हा पैसा-अडक्याचा प्रश्न नाही म्हणून? आता तो एक टक्का तुझ्या हाताने द्यायचाय तुला?"

योर्न जे बोलला ते कुत्सितपणाने बोलला नव्हता. ते तो मनापासून बोलला होता. आयविंद आपल्या टेबलाशी परतला. करार मोडला तर काय होईल, हे त्याला ठाऊक नव्हते. पण आपल्या वाक्यावर विसंबून व्हेर्नरने आणि त्याच्या साठ-सत्तर माणसांनी 'हो' म्हटले, आणि पुढे एखाद्या वर्षी त्यांच्या नावा बांधून ठेवण्याची पाळी आली, तर धक्क्यावर त्यांच्यासमोरून कसे चालायचे? आणि न सांगावे, तर ज्या ऐक्यावर त्याची श्रद्धा होती, त्याचा या गावातला पाया त्याच्या पदरच्या एका शब्दावर घातला जाणार होता. असा पाया किती दिवस टिकेल?

शनिवारी सदर छापून आले, त्यात वसंत ऋतूविषयी चार गोष्टी होत्या. दुरुस्ती नव्हती. योर्नने ती काढून टाकली होती, आणि आयविंदने भांडण केले नव्हते.

रविवारी दुपारी सभागृह भरले. लोण्याचे गोड पाव आणि कॉफी लांब टेबलांवर मांडलेली होती. रिवाजाप्रमाणे बोलण्याआधी सर्वांनी उभे राहून गाणे म्हटले. उजेडाचे आणि बीचवृक्षाच्या पालवीचे ते गाणे 'हो'वाल्यांनी आणि 'नाही'वाल्यांनी एकाच सुरात म्हटले. गाणे झाल्यावर सभेत कोणी आरडाओरडा करायचा नाही, हाही रिवाजच. व्हेर्नर कागद घेऊन उभा राहिला आणि मान हलवत म्हणाला, "आधी आयविंद. मग पलीकडचा पाहुणा. मग पत्रक."

'पलीकडचा पाहुणा' म्हणजे 'नाही'च्या बाजूने लिहिणारा शेजारच्या जिल्ह्यातला सदरलेखक. तो पहिल्या रांगेत पाव खात बसला होता. आस्ता तिसऱ्या रांगेत होती. ती चष्मा पुसत होती.

आयविंदने भाषण लिहून आणले होते. ते त्याने खिशातून काढले नाही.

"पत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात एक वाक्य आहे," तो म्हणाला. "ते माझं आहे. ते करारात नाही."

सभागृहात कप खाली ठेवल्याचे आवाज झाले.

"कुठेच नाही?" व्हेर्नरने विचारले.

"कुठेच नाही. घरांविषयी एक पान आहे, माशांविषयी नाही. मी जानेवारीत न वाचता लिहिलं. राजधानीवाल्यांनी माझं घेतलं, जर्मनांनी त्यांचं घेतलं, ब्रुसेल्सवाल्यांनी जर्मनांचं घेतलं, आणि मी ब्रुसेल्सवाल्यांचं घेऊन तुम्हाला सांगितलं की बघा, सगळे हेच म्हणतात. मी शनिवारी छापणार होतो, ते झालं नाही. म्हणून इथे सांगतोय."

"म्हणजे तू आम्हाला फाटकं जाळं विकलंस," मागून एक म्हातारा म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही.

"हो."

"आणि आम्ही ते घेऊन समुद्रावर निघालो होतो."

"हो."

मग आयविंदने बेचाळीसच्या नोव्हेंबरातली गोष्ट सांगितली. बुडालेल्यांची नावे इथे सर्वांना पाठ होती. त्यांतल्या एकाचा मुलगा दुसऱ्या रांगेत बसला होता. "मी तरीही 'हो' म्हणणार आहे," आयविंद म्हणाला, "आणि तुम्हीही म्हणावं असं मला वाटतं. पण या कारणासाठी. त्या वाक्यासाठी नाही."

दुसऱ्या रांगेतला तो मनुष्य, वय साठ, उभा राहिला. "माझ्या बापाची गोष्ट खरी आहे," तो म्हणाला. "पण आयविंद, पहारेकरी उभा राहणार नाही, हे तरी करारात लिहिलंय का?"

लोक हसले. तो मनुष्यही हसला, पण बसताना त्याने डोळे पुसले. आयविंदने थोडा विचार केला आणि सरळ उत्तर दिले. "त्या शब्दांत नाही लिहिलेलं."

आता पलीकडच्या पाहुण्याने हात झटकले आणि तो उठला. "मंडळी, मला फारसं बोलायला उरलंच नाही. 'हो'वाल्यांची लेखणी कशी चालते हे तुम्ही आत्ताच ऐकलंत. उचलली जीभ, लावली टाळ्याला! आता मी सांगतो खरं काय ते. दहा वर्षांत या टेकड्यांवरचं एकेक उन्हाळी घर जर्मन माणसाच्या नावावर…"

"थांब जरा," आस्ता म्हणाली. ती बसूनच बोलली. "तू कितवं पान वाचतोयस?"

"काय?"

"घरांचं पान आहे. एकाच वाक्याचं. आत्ताच सांगितलं ना त्याने? आपला कायदा तसाच राहणार म्हणून लिहिलंय. मी वाचलंय ते. अकरा वेळा वाचलं, कारण मला पहिल्या दहा वेळा खरं वाटलं नाही." तिने गठ्ठा उचलून दाखवला. "तुला हवं तर मोठ्याने वाचून दाखवते. माझं वाचन सावकाश आहे, पण तुम्हाला घाई नसेल तर."

"बाई, मी तात्पर्य सांगत होतो."

"तोही तात्पर्यच सांगत होता," आस्ता आयविंदकडे हनुवटी करून म्हणाली. "त्याने निदान परत घेतलं. तू?"

पाहुणा म्हणाला की संदर्भ व्यापक आहे, आणि लवकरच खाली बसला. त्या दुपारी आस्ताने घरांचे पान उभे राहून वाचून दाखवले. बोट ओळीखाली फिरत होते. एका लांब शब्दाशी ती अडली, तेव्हा सभागृहात कोणीही तो शब्द पुढून सांगितला नाही; सगळे थांबले, आणि तिने तो स्वतः पार केला.

व्हेर्नरने पत्रकाचा कागद चार घड्या करून खिशात घातला. संघ कोणालाही काहीही सांगणार नाही, ज्याने त्याने आपले बघावे, असे ठरले. बाहेर पडताना कोणी आयविंदच्या पाठीवर थाप मारली नाही. दोघांनी त्याला ओळख दिली नाही. फाटक्या जाळ्याचे बोलणारा म्हातारा मात्र दारात थांबून म्हणाला, "तुझं सदर मी चाळणार नाही आता, वाचणार आहे. ओळ न् ओळ. जपून लिही." आयविंदला ते शापासारखे वाटले आणि कृपेसारखेही.

सोमवारी गावाला सगळे ठाऊक झालेले पाहून योर्नने दुरुस्ती छापली. पहिल्या पानावर, चौकटीत. "आता लपवून काय फायदा," तो म्हणाला, आणि दिवसभर आयविंदशी दुसरे काही बोलला नाही. आठवड्यात त्रेचाळीस पत्रे आली. अकरा जणांनी दैनिक घेणे बंद केले. एका बाईंनी लिहिले की त्याने देशाचा घात केला, दुसऱ्या एकाने लिहिले की त्याने देश वाचवला, आणि दोघांनीही दुरुस्ती नीट वाचलेली दिसत नव्हती. आयविंदने तिन्ही ठिकाणी आपल्या हाताने पत्रे लिहिली. जर्मन पत्राने चार ओळी छापल्या. राजधानीच्या पत्राने कळवले की त्यांनी केवळ दुसऱ्याचे मत उद्धृत केले होते, तेव्हा चूक त्यांची नव्हे. ब्रुसेल्सहून उत्तर आले नाही.

दोन जूनला देशाने अगदी थोड्या मतांनी 'नाही' म्हटले. क्लिटहाव्नने पुष्कळ मतांनी म्हटले. ते आयविंदच्या दुरुस्तीमुळे झाले की तसेच होणार होते, हे कोणी सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

तीन जूनच्या सकाळी योर्न आत आला. त्याचे डोळे तांबारले होते. त्याने एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. "गावाचे आकडे. अग्रलेख दहापर्यंत दे." मग दाराशी वळून म्हणाला, "तुलाच लिहायला सांगतोय. दुसरा कोणी नाही म्हणून नव्हे."

आयविंदने चिठ्ठी वाचली आणि नगरपालिकेला फोन लावला. कारकून बाईने लगेच आवाज ओळखला.

"आयविंद, आकडे कालच फळ्यावर लावलेत. तुमचा पोऱ्या उतरवून घेऊन गेला की."

"माहीत आहे. तू कागदावरून वाच."

"फळ्यावर तेच आहेत. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"तुझ्यावर आहे. वाच."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "नाही, एक हजार दोनशे चार. हो, सहाशे अकरा. कोरी मतं सतरा."

"कोरी किती म्हणालीस?"

"सतरा. एक, सात."

चिठ्ठीवर कोरी मते नव्हतीच. आयविंदने तिन्ही आकडे लिहिले, तिला पुन्हा वाचून दाखवले, आणि तिने होकार दिल्यावरच फोन खाली ठेवला. सहाशे अकरांमधले एक मत त्याचे होते. त्याने नवा कागद घेतला आणि बाराशे चार माणसांना काय वाटले असेल, हे त्यांना न विचारता लिहायचे की नाही, याचा विचार करीत बसला. मग उठला, कोट चढवला, आणि मासे उतरत होते तिकडे धक्क्यावर विचारायला गेला. दहा वाजायला अजून दीड तास होता.